आतला कारागीर

"कुत्रं सांभाळतात, पाहुण्यांच्या चपला सांभाळतात. मला कशाला सांभाळतोस रे तू?" आत्याने रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला नाही, आपटला. "बोल ना. मघाशी त्यांच्यासमोर तर छान तोंड चालत होतं."

"हळू बोल," भाऊ दाराकडे बघत म्हणाला. "अजून जिन्यातच असतील ती माणसं."

"असू देत. ऐकू देत. आपण कोणाला सांभाळतो ते त्यांनाही कळू दे."

"वन्सं, अहो बोलण्याच्या ओघात निघून गेला एखादा शब्द," उरलेली बिस्किटं डब्यात भरत भावजय म्हणाली. "त्याचं एवढं काय मनावर घ्यायचं?"

"ओघात नाही निघाला. ठेवणीतला होता. घडी मोडून बाहेर काढला."

भावजयीने बिस्किटाचा डबा जरा जास्तच जोरात बंद केला. तिला हसू आलं होतं आणि ते दाखवायची ही वेळ नव्हती.

झालं होतं ते असं. पुतण्याचं लग्न ठरत होतं आणि मुलीचे आईवडील पहिल्यांदाच घर बघायला आले होते. सगळं नीट चाललं होतं. सोफ्याची फाटकी बाजू भिंतीकडे गेली होती, बाथरूमच्या नळाला नवा वॉशर बसला होता, पुतण्याने दाढी केली होती. आत्या चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा मुलीच्या आईने कप उचलता उचलता सहज विचारलं, "ह्या कोण?"

आणि भाऊ म्हणाला, "ही माझी मोठी बहीण. आमच्याकडेच असते. आम्हीच सांभाळतो तिला. वेळ जावा म्हणून थोडंफार शिवण-टिपण करते, एवढंच."

मुलीची आई म्हणाली, "वा, चांगलं आहे, आजकाल कोण बघतं हो बहिणीकडे." भाऊ मान खाली घालून असा हसला, जणू कोणी त्याचा सत्कारच करत होतं. आत्या ट्रे धरून उभीच होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिने कदाचित गिळलं असतं. गिळण्याची तिला सवय होती. पण त्या बाईने मग पिशवीतून एक कोट काढला. गडद निळा, लोकरीचा, जुन्या पद्धतीचा, मोठ्या कॉलरचा. तिच्या आईचा. आई गेली आणि हा एवढा कोट राहिला. कपाटात ठेवला होता तर कसरीने छातीवरच, अगदी पुढे, खाल्ला. तुमच्या दुकानाचं फार नाव ऐकलंय, काही होईल का?

भावाने कोट हातात घेतला, भोकात बोट घालून बघितलं, आणि म्हणाला, "आमच्या कारागिराकडे देतो. असा रफू करून देईल की भोक कुठे होतं ते तुम्हालाच सापडणार नाही."

कारागीर तीन हातांच्या अंतरावर ट्रे धरून उभा होता.

भावाचं ड्रायक्लीनचं दुकान होतं. वडिलांपासूनचं. पुढे काउंटर, त्याच्यावर काच, मागे हँगरला लावलेल्या कपड्यांच्या रांगा, आणि त्या रांगांच्या मागे एक पडदा. पडद्यामागे छोटी खिडकी, एक स्टूल, आणि आत्या. धुलाई-इस्त्री गल्लीत आणखी दोघंतिघं करायचे. पण या दुकानाचं नाव होतं ते रफूसाठी. सिगारेटने जळलेली पँट, खिळ्याला अडकून फाटलेलं जाकीट, उंदराने कुरतडलेला स्वेटर, सगळं इथे यायचं आणि इथून जाताना धड होऊन जायचं.

रफू हे विचित्र काम आहे. ठिगळ लावणाऱ्याचं काम दिसतं, भरतकाम करणाऱ्याचं तर दिसण्यासाठीच असतं. रफू करणाऱ्याचं काम जितकं चांगलं, तितकं ते नसल्यासारखं. कपड्याच्या आतल्या शिलाईत जी थोडी पट्टी दुमडलेली असते, तिच्यातलेच धागे उसवून काढायचे, आणि त्याच धाग्यांनी, मूळ विणीच्या वरखाली सुई घालत, भोकाच्या जागी कापड पुन्हा विणायचं. त्याच कापडाचा धागा, म्हणून रंग जुळवायचा प्रश्नच येत नाही. गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करून बघतं, हसतं, आणि भोकाबरोबर ते बुजवणाऱ्यालाही विसरतं.

ही विद्या वडिलांची. त्यांनी आधी मुलाला शिकवून बघितली होती, पण त्याचा हात घाईचा. तो सुईने कपडा रफू करायचा नाही, भोसकायचा. पुढे मुलगी सासरहून ट्रंक घेऊन परत आली. नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला होता आणि त्याने तसं सांगण्याचे कष्टसुद्धा घेतले नव्हते, शेजारणीकडून कळलं. वडिलांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात स्टुलावर बसवलं आणि एक मोजा हातात दिला.

पडदा मात्र तिनेच मागितला होता. हे तिला आठवत होतं, आणि आठवलं की राग दुप्पट व्हायचा. त्या दिवसांत काउंटरवर येणारी प्रत्येक बाई विचारायची, "काय, माहेरपणाला का?" तिला कोणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. "बाबा, इथे पडदा लावा," ती म्हणाली, आणि वडिलांनी कोणीतरी परत न नेलेली चादर मधून कापून लावली. तेव्हा तो पडदा म्हणजे तिच्यासाठी घर होतं. पुढे वडील गेले, दुकान भावाकडे आलं, बायका माहेरपणाचं विचारायच्या थांबल्या, आणि पडदा तसाच राहिला. पडदे काय, लावताना एका माणसाच्या सोयीने लावतात. काढायची वेळ येते तेव्हा ती दुसऱ्याचीच सोय झालेली असते.

"आतला कारागीर" हा शब्दही असाच तयार झाला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, रफू करतं कोण? भाऊ म्हणाला, आत कारागीर आहे आमचा. गिऱ्हाईक म्हणालं, फार हुशार आहे हो तो. 'तो' नाही, 'ती', एवढंच म्हणायचं होतं, पण भाऊ म्हणाला नाही. मग ते रोजचंच झालं. भाऊ कपडा घेऊन पडद्याआड यायचा, भुवया उडवून विचारायचा, आत्या बोटांवर दिवस दाखवायची, आणि तो बाहेर जाऊन भारदस्त आवाजात सांगायचा, "कारागीर म्हणतो, चार दिवस लागतील." कधी कधी तो कारागिराचे किस्सेही सांगायचा. कारागीर फार मानी आहे, त्याला घाई केलेली खपत नाही. कारागिराला सर्दी झालीय. आत्या पडद्यामागे तोंडावर हात ठेवून हसायची. हो, हसायची. तेही तिला आता आठवत होतं.

घरात तिला कोणी नावाने हाक मारत नव्हतं. पुतण्या बोलायला लागल्यापासून ती सगळ्यांचीच आत्या झाली, शेजाऱ्यांची, दूधवाल्याची, गल्लीतल्या म्हाताऱ्यांचीसुद्धा. आणि घरात तिला पगारही नव्हता. घरच्या माणसाला कसला पगार?

"मला एकच सांग," ती आता भावासमोर येऊन उभी राहिली. "उद्या त्यांना फोन करशील? म्हणायचं, कोट माझी बहीण रफू करणार आहे. आमच्याकडे रफू तीच करते. बस. दोन वाक्यं. बाकी सांभाळतो म्हण नाहीतर डोक्यावर घेऊन नाचतो म्हण, माझं काही म्हणणं नाही."

"आता कसं सांगू?" भाऊ कळवळून म्हणाला. "आत्ताच कारागीर म्हणून बसलोय. खोटारडा ठरेन ना मी."

"आहेसच की."

"आणि वर ते म्हणतील, सांभाळतो म्हणतो आणि बहिणीला आत बसवून राबवून घेतो."

"मग काय करतोस?"

भावाने सोफ्यावर बसकण मारली. पण तो ओशाळलेला नव्हता. खरोखर दुखावला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून आत्याला त्या संध्याकाळी सगळ्यात मोठा धक्का बसला. हा माणूस थापा मारत नव्हता. आपण बहिणीला सांभाळतो, हे त्याला मनापासून वाटत होतं. लबाडाशी भांडता येतं, त्याला कोपऱ्यात गाठता येतं. जो आपल्याच थापेवर रोज रात्री डोकं ठेवून शांत झोपतो, त्याच्याशी कसं भांडायचं?

"आत्या, जाऊ दे ना," पुतण्या मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला. "लग्न होऊ दे एकदा. मग सांगू की सावकाश."

"मग काय सांगशील? घरात अजून एक माणूस आलंय, आता दोघींना सांभाळतो?"

"बघा, पोरालाही लागेल असं बोलतात," भावजय म्हणाली, आणि कप उचलून आत गेली. तिच्या लेखी भांडण संपलं होतं.

आत्याने खुर्चीवरचा कोट उचलला, झटकला, हातावर टाकला. "ठीक आहे," ती म्हणाली. भावाने सुटकेचा श्वास सोडला. बहीण 'ठीक आहे' म्हणाली की विषय संपतो, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता.

लोक म्हणतात राग धरू नये, विसरून जावं. विसरून जाणं हे मोठं मन असल्याचं लक्षण मानतात. आत्याचं मत वेगळं होतं. तिने बघितलं होतं, विसरून जा असं नेहमी तोच सांगतो ज्याने केलेलं असतं. आणि राग धरणं हे काही आळशी माणसाचं काम नाही. त्याला रोज हात लावावा लागतो, ऊन दाखवावं लागतं, नाहीतर त्यालाही कसर लागते. नवऱ्यावरचा राग तिने असाच हलगर्जीपणाने घालवला होता. एक दिवस बघितलं तर जागेवर नव्हताच. या वेळी ती तसं होऊ देणार नव्हती.

सकाळी तिने पडद्यामागच्या खिडकीपाशी कोट उलटा केला. आतल्या शिलाईत चांगली दोन बोटं पट्टी होती. जुन्या शिंप्याचा हात, कापडात कंजूषपणा नव्हता. हवे तेवढे धागे निघाले असते. काम अवघड नव्हतंच. आत्याने पट्टीवरून बोट फिरवलं, आणि शिलाई उसवली नाही. तशीच मिटून टाकली.

तिने धाग्यांचा डबा उघडला.

वडिलांची एक शिस्त होती: दिव्याखाली रंग जुळवायचा नाही. कपड्याचा स्वतःचा धागा मिळाला नाही आणि बाहेरचा वापरायची वेळ आली, तर कपडा घेऊन दुकानाच्या दारात जायचं, उन्हात धरायचा, आणि मगच धागा निवडायचा. कारण काही रंग फसवे असतात. ट्यूबलाइटखाली एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात, आणि उन्हात गेले की फुटतात. एक निळा राहतो, दुसरा जांभळा होतो. भावाच्या अंगी ही शिस्त कधी बाणली नाही. तयार कपडा तो काउंटरवरच्या ट्यूबलाइटखाली धरायचा, मान डोलवायचा आणि पिशवीत घालायचा. आत्याचं काम आहे म्हटल्यावर त्याला दारापर्यंत जायची गरजच काय?

डब्यात तसा एक निळा होता. आत्याने तो उन्हात धरला. वांग्यासारखा जांभळा झाला. आत आणून कोटावर ठेवला, मिसळून गेला.

तिने अत्यंत मन लावून काम केलं. वाईट रफू करायला तिचा हात तयारच होईना, म्हणून विणीत तिने एक टाकासुद्धा चुकवला नाही. वरून बघता तिच्या आयुष्यातलं ते उत्तम काम होतं. फक्त रंग परका होता. मधेच एकदा तिला त्या मेलेल्या बाईचा विचार आला, जिने हा कोट अंगावर घातला असेल, खिशात हात घालून कुठे कुठे उभी राहिली असेल. तिचा काय दोष? कोटाचा तरी काय दोष? आत्याची सुई जरा थांबली. मग तिला 'ह्या कोण?' हा प्रश्न आठवला. कपाकडे बघत विचारलेला, तिच्याकडे नाही. सुई पुढे चालू लागली.

भावाने कोट ट्यूबलाइटखाली धरला. मान डोलावली. "ताई, तुझ्या हाताला तोड नाही," तो म्हणाला. पडद्याच्या आत म्हणाला, बाहेर नाही. आणि कोट घेऊन स्वतः पोचवायला गेला.

नंतरचे दिवस आत्याचे फार छान गेले. तिला भूक लागू लागली. भाजी चिरताना ती गुणगुणायची. भावजय नवऱ्याला म्हणाली, "वन्सं किती समजूतदार आहेत बघा, मनात काही ठेवत नाहीत." आत्याने स्वयंपाकघरातून हे ऐकलं आणि तिला इतकं हसू आलं की तिने मिरचीचं निमित्त करून खोकून घेतलं. आपल्यात एवढा दुष्टपणा होता हे तिला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे. सापडल्यावर बरं वाटलं, जुनी आवडती वस्तू सापडावी तसं.

मग एका दुपारी भाऊ दुकान अर्ध्यावर टाकून घरी आला. हातात तीच पिशवी. चेहरा लाल, पण अगदी पडलेला नव्हता. सगळे जेवायला बसत होते. त्याने हातपायसुद्धा धुतले नाहीत.

"ऐका," खुर्ची ओढत तो म्हणाला. "सकाळी विहीणबाई दुकानात. अशा तावातावाने. कोट घालून बाहेर पडल्या, गच्चीवर कोणाकडे तरी कार्यक्रम होता, आणि भर उन्हात छातीवर हा एवढा जांभळा डाग! कोणीतरी विचारलंही म्हणे, शाई सांडली का? रडायच्याच बाकी होत्या. आईचा कोट आहे हो, आईचा. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं."

"अगं बाई!" भावजयीचा हात वाटीतच राहिला. "मग? मोडलं की काय?"

"मोडतंय कसलं?" भावाची मान जरा वर झाली. "डोकं लागतं त्याला. मी म्हटलं, विहीणबाई, तुमच्यासमोर शपथ घेऊन सांगतो, हा कारागीर आजच्या आज बंद. काढला म्हणून समजा. किती वर्षं पोसला, शेफारून गेला होता, हातात काही राहिलं नव्हतं त्याच्या. तोंडदेखलं पडद्याआड जाऊन दोन शब्द ओरडूनही आलो."

खरंच होतं ते. आत्या त्या वेळी पडद्यामागेच होती. तो आत आला होता, तिच्याकडे बघून एक डोळा बारीक केला होता, आणि भिंतीकडे तोंड करून ओरडला होता, "चालता हो! उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" बाहेर मुलीच्या आईचा सुस्कारा ऐकू आला होता. आत्याने तेव्हाच पेटी आवरून सुया डबीत घातल्या होत्या आणि मागच्या दाराने घरी येऊन पोळ्यांना लागली होती.

"बाई शांत झाल्या," भाऊ सांगत होता. "उलट मलाच म्हणाल्या, एवढं नका हो करू, गरिबाच्या पोटावर पाय नको. म्हटलं, नाही, शब्द म्हणजे शब्द."

पुतण्या हसला. भावजयही हसली, छातीवर हात ठेवून. हसून झाल्यावर मात्र भाऊ आत्याकडे वळला. त्याचा आवाज बदलला होता.

"ताई. तू रंगात कधी चुकत नाहीस."

"नाही."

"मुद्दाम केलंस?"

"हो," आत्या म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.

पुतण्याने पहिल्यांदाच मोबाइल उलटा ठेवला.

"अहो वन्सं, पोराच्या लग्नाचा प्रश्न होता!" भावजयीचा आवाज चिरकला. "थोडक्यात वाचलं! त्या कारागिरावर निभावलं म्हणून!"

"मग चांगलंच झालं की. अडीअडचणीला उपयोगी पडला तो."

"तुला लाज नाही वाटली?" भाऊ म्हणाला. "मेलेल्या माणसाचा कोट तो."

"वाटली," आत्या म्हणाली. "थोडी वाटली. पण तू जिवंत माणसाला भोक पाडलंस तेव्हा तुला किती वाटली, तेवढीच."

भांडून उपयोग नाही हे भावाला कळत होतं. आता त्याला कोट नीट करून हवा होता. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि समजुतीच्या सुरात आला. तो सूर त्याला चांगला जमायचा, गिऱ्हाइकांवर घासून गुळगुळीत केलेला.

"झालं ते झालं. माझंही चुकलं असेल, तुझंही चुकलं. फिटंफाट. आता हा कोट घे, ते धागे काढ आणि आतल्या पट्टीतले घालून नेहमीसारखा कर. मी त्यांना सांगून आलोय, नवा कारागीर बघतोय म्हणून. आठवडाभराने नेऊन देतो, नव्याने केला म्हणून सांगतो. नावही होईल."

"नवा कोण?"

"कोण म्हणजे? तूच. दुसरं आहे कोण?" भाऊ जरा हसलासुद्धा. "उद्या सकाळी बसलीस की संध्याकाळपर्यंत होईल तुझं."

त्याने पिशवी तिच्या ताटाशेजारी सरकवली. आत्याने ती उचलून त्याच्या मांडीवर ठेवली, आपल्या ताटातला शेवटचा घास खाल्ला, हात पुसला, आणि रोज संध्याकाळी कोणती भाजी करू असं विचारायची त्याच आवाजात सगळ्यांना सांगितलं:

"मला आज दुकानातून काढलंय. चारचौघांत काढलंय, तेव्हा मी परत जाणार नाही. हा कोटही करणार नाही, दुसरंही काही करणार नाही. राहणार मी इथेच, माझ्या खोलीत. उद्यापासून मला लवकर उठवू नका."